डाव्या गालाची दुरुस्ती

माझा डावा गाल माझ्या उजव्या गालापेक्षा साधारण दहा वर्षांनी मोठा आहे. ही अतिशयोक्ती नाही. सोलमधल्या एका जुन्या प्रकाशनसंस्थेत मी सगळी नोकरी चिनी अक्षरांच्या शब्दकोशावर केली, आणि माझं टेबल खिडकीला लागून होतं. खिडकी डावीकडे. ऊन रोज शब्दकोशावर यायला निघे आणि वाटेत माझा गाल लागे. खिडकीला पडदा असावा असा ठराव संपादक मंडळापुढे एकदा आला होता, पण ठरावाच्या शब्दरचनेवर एकमत होईना, म्हणून तो पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. पुढच्या बैठकीच्या आधी मी निवृत्त झालो.

म्हातारपणी चेहऱ्यावर येणाऱ्या काळपट डागांना आमच्याकडे काळी भूछत्रं म्हणतात. माझ्या उजव्या गालावर तुरळक आहेत. डाव्या गालावर मात्र चांगला हंगाम झाला. माझी बायको जोंग-इम म्हणते, "लोकांना नोकरीत बढती मिळते. तुम्हाला ही मिळाली."

या गालाचं मला स्वतःला कधी काही वाटलं नाही. दाढी करताना मी आरशासमोर चष्मा लावत नाही, त्यामुळे आमचे संबंध चांगले होते. पण आमच्या मुलीचं, सू-रिमचं, लग्न ठरायला आलं आणि सगळं बिनसलं.

सू-रिमला अडतिसावं लागलंय. ती नदीच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत असते आणि पाण्यासारखीच कमी बोलते. हा दोष माझ्याकडून आला. हान-गिल हा पुलांचं गणित करणारा मुलगा तिला भेटला, दोघांचं जमलं, आणि आता फक्त दोन्ही घरच्यांचं पहिलं जेवण राहिलं होतं. आता, मुलामुलीने काहीही ठरवलेलं असो, हे जेवण सुखरूप पार पडेपर्यंत काही खरं नसतं. माझ्या चुलत मेहुणीच्या मुलीचं लग्न या जेवणात मुळ्याच्या किमचीला साखर घालावी की नाही या मुद्द्यावर मोडलं. दोन्ही बाजूंना साखर नको होती, तरी मोडलं.

"बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?" सू-रिमने विचारलं.

"मी कधी रागावलोय?"

"तेच तर. तुम्ही रागावत नाही, तुम्ही आठवडाभर गप्प बसता."

मग तिने सांगितलं की गंगनममध्ये त्वचेचा एक चांगला दवाखाना आहे, मे महिना हा आईवडिलांचा म्हणून तिथे मातृपितृभक्तीची योजना चालू आहे, दोन ज्येष्ठांची नावं एकत्र घातली की सवलत मिळते, आणि लेझरने डाग असे जातात की होते हेही आठवत नाही.

"दुसरे ज्येष्ठ कोण?" मी विचारलं.

"आहेत एका मित्राचे वडील," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली. पाण्याची तपासणी करणारी मुलगी इतकं पाणी का पितेय, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात यायला हवा होता. पण मी विचार करत होतो तो वेगळाच. या मुलीने लहानपणापासून माझ्याकडे हट्टाने काही मागितलेलं मला आठवत नव्हतं, आणि आता मागितलं ते इतकंच की जरा बरे दिसा. माझ्यामुळे हे लग्न अडलं तर? मी हो म्हणालो.

आमच्या इमारतीत बातमी फुटायला कचऱ्याचा दिवस पुरतो. बुधवारी सगळे आपापल्या बाटल्या, पुठ्ठे, प्लास्टिक वेगवेगळं करून खाली घेऊन येतात, आणि बाटल्या टाकता टाकता जोंग-इमने पाचव्या मजल्यावरच्या छे बाईंना सांगितलं.

"लेझर? कशाला?" छे बाईंनी माझा गाल हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला. "तांदळाचं धुवण लावा रोज. मी चाळीस वर्षं लावतेय."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे पुठ्ठ्यांकडे वळलो. तिथे बेक साहेब उभे होते. बेक साहेब पूर्वी घरांची दलाली करायचे आणि गिऱ्हाइकाचा चेहरा वाचून घर दाखवायचे. अजूनही ते समोरच्याशी नाही, त्याच्या कपाळाशी बोलतात.

"सगळे काढा, पण गालफडाखालचा तो मोठा राहू द्या," ते म्हणाले. "तो अपत्यसुखाचा आहे. तो गेला की मुलीचं भाग्य गेलं."

"पण मुलीनेच काढायला सांगितलंय."

"मुलींना काय कळतं भाग्यातलं?" बेक साहेबांनी सुस्कारा सोडला. "तुमची मर्जी. मी आपलं सांगितलं."

मी त्या रात्री झोपलो नाही. गेली सत्तर वर्षं मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवलेला नाही. पण विश्वास नसणं आणि भीती नसणं या वेगळ्या नोंदी आहेत. पुढचे काही दिवस लिफ्टमध्ये शिरलो की लोक आधी माझ्या डाव्या गालाला नमस्कार करत, मग मला.

ठरल्या दिवशी मी एकटाच दवाखान्यात गेलो. दाराशी माणसाऐवजी एक यंत्र उभं होतं. त्याने माझ्याकडे फोनवर आलेला क्रमांक मागितला. मी फोन दाखवला. त्याला फोन नको होता, फोनमधला काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन हवा होता. चौकोन सापडेपर्यंत माझ्या मागे रांग लागली, आणि रांगेतल्या सर्व तरुणींची कातडी इतकी नितळ होती की त्या इथे काय करायला आल्या आहेत हेच मला कळेना. जणू न फाटलेले सदरे शिंप्याकडे आले होते. शेवटी एकीने माझ्या हातातून फोन घेऊन काम केलं. "झालं बाबा," ती म्हणाली.

त्या दवाखान्यात सगळेच मला बाबा म्हणत होते. घरी मला एकच मुलगी, आणि तीही हा शब्द जपून वापरते. इथे दुपार व्हायच्या आत माझी संतती अपार वाढली.

मग एका पेटीत हनुवटी टेकवून माझा फोटो काढला गेला. पडद्यावर माझ्या कातडीचं वय आलं. ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या वयाचे माझे वडीलही कधी झाले नाहीत.

सल्ला देणारी बाई गोड होती. "बाबा, डागांना एक लेझर पुरेल. पण डाग गेले की खालच्या सुरकुत्या उघड्या पडतील ना?"

"पडतील का?"

"मग ध्वनिलहरींनी कातडी आतून आवळून घ्यायची. आणि डावा गाल इतका सुधारला, उजवा तसाच ठेवला, तर लोक काय म्हणतील?"

काय म्हणतील ते मला सुचेना, पण युक्तिवाद बिनतोड होता. एक नोंद सुधारली की तिच्याशी जोडलेल्या सगळ्या नोंदी सुधाराव्या लागतात, हे मला कोणी शिकवायला नको. मी मान हलवली. बाईने पुढे कपाळाचा विषय काढला. मी पुन्हा मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, मान नुसती हलवता येते. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय याच सोयीने झाले आहेत.

लेझरच्या आधी चेहरा बधिर करतात. एका मंद उजेडाच्या खोलीत आडव्या खुर्च्या होत्या. माझ्या तोंडाला जाड पांढरं मलम फासलं, वर पातळ प्लास्टिक चिकटवलं, डोक्यावर कागदी टोपी घातली आणि म्हणाले, बाबा, अर्धा तास पडून राहा. शेजारच्या खुर्चीवरही तसाच एक पांढरा चेहरा होता. टोपलीत वाफवायला ठेवलेल्या दोन पिठाच्या गोळ्यांसारखे आम्ही छताकडे बघत राहिलो.

"दादा, झोंबतंय का हो तुम्हालाही?" शेजारचा गोळा म्हणाला. आवाज मोठा होता. वाऱ्यावर बोलायची सवय असलेला.

"थोडंसं," मी म्हणालो.

"मला तर जेलीफिश चाटतोय असं वाटतंय. पोराने पाठवलंय बघा. सोकचोहून आलोय, नाव बंदरात बांधून. चाळीस वर्षं स्क्विड धरतोय. बायको म्हणते, रात्री धरायचा स्क्विड, मग ऊन कुठनं लागलं? अगं, स्क्विड ओढायला नावेवर लावतो ते दिवे बघ की एकदा! त्यापेक्षा ऊन परवडलं. आणि हनुवटीवर ही खूण आहे ना, गळ लागला होता. डॉक्टर म्हणतो, लेझरने बारीक बारीक भोकं पाडतो, मग आपोआप भरून येईल. म्हटलं, लेका, कातडीचं जाळं विणतोस की काय!"

मला हसू आलं. प्लास्टिक गालावर ताणलं गेलं. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली: मला बोलावंसं वाटलं. अनोळखी माणसाशी बोलताना मला नेहमी आपलं तोंड कसं दिसतंय याची काळजी असते. इथे तोंडच नव्हतं.

"मुलाने का पाठवलं?" मी चक्क चौकशी केली.

"लग्न आहे त्याचं. सासरच्यांबरोबर जेवण आहे. पोरगी चांगली आहे हो, नदीचं पाणी तपासते."

माझ्या चेहऱ्यावरचं मलम एकदम गार पडलं.

"पण बाप!" तो म्हणाला. "बाप म्हणजे मोठा विद्वान. अख्खा शब्दकोश लिहिलाय म्हणे."

अख्खा नाही, मी मनात म्हणालो, आमच्या गटाकडे फक्त पाणी, लाकूड आणि किडे यांची अक्षरं होती. 

"मी शाळा सहावीत सोडली," तो पुढे म्हणाला, आणि आवाज जरा खाली आला. "तो म्हणणार, हा कोण स्क्विडवाला आलाय. बायकोने बजावलंय, बंदरावरची भाषा बोलायची नाही. मग बोलू कुठली? दुसरी येतच नाही. एक वाक्य पाठ करतोय रोज. 'आपल्यासारख्या घराशी संबंध जुळतोय हा आमचा बहुमान आहे.' बहुमानपर्यंत येतो आणि दम लागतो."

आता सू-रिमच्या त्या मित्राचे वडील कोण ते मला समजलं. दोघांनी मिळून एका योजनेत दोन बाप घातले होते, वेळाही वेगवेगळ्या घेतल्या होत्या. दवाखान्याला उशीर झाला आणि आम्ही शेजारी आलो. मी तिथेच सांगायला हवं होतं. पण आमच्यात म्हण आहे की व्याह्याचं घर आणि शौचकूप जितकं लांब तितकं बरं. व्याह्यासमोर लोक कोटाची वरची गुंडी काढत नाहीत, आणि इथे आम्ही कागदी टोप्या घालून कोपराला कोपर लावून पडलो होतो. शिवाय त्याने नुकतंच स्वतःचं भय माझ्यापुढे उघडं केलं होतं. आता मी 'तो विद्वान बाप मीच' असं सांगितलं असतं, तर त्याचा चेहरा बधिर असूनही दुखला असता. निदान मी स्वतःला कारण असं दिलं. खरं कारण बहुधा इतकंच की मला धीर झाला नाही.

"असली माणसं गर्विष्ठ नसतात हो," मी म्हणालो. "घाबरट असतात."

"तुम्हाला काय माहीत?"

"एक ओळखीचा आहे तसा."

"असं? मग सांगा ना दादा, कसं वागायचं त्याच्याशी?"

माझ्या हयातीत कोणी माझ्याकडे माणसांविषयी सल्ला मागितला नव्हता. मी मनापासून विचार केला, आणि मला जे आवडेल असं वाटलं ते सांगितलं. "काही बोलू नका. बोलणाऱ्या माणसाला उत्तर द्यावं लागतं, त्याचीच त्यांना भीती असते. गप्प माणूस दिसला की त्यांना हायसं वाटतं."

"म्हणजे नुसतं गप्प बसायचं?"

"गप्प बसून जेवायचं."

"देवासारखे भेटलात, दादा," असं म्हणून त्याने आपला दोरखंडासारखा हात माझ्या मनगटावर ठेवला. तेवढ्यात त्याला आत बोलावलं.

लेझरविषयी काही सांगण्यासारखं नाही. कोणीतरी गालावर रबर ताणून सोडत राहावं तसं होतं, आणि जळलेल्या केसांचा वास येतो. तो आपलाच आहे हे थोडं उशिरा कळतं. नंतर डाग होते तिथे गोल चिकटपट्ट्या लावल्या आणि सूचना मिळाल्या: उन्हात जायचं नाही, सार्वजनिक स्नानगृहात जायचं नाही, खपली खाजवायची नाही, आणि दोन आठवडे दारूचा थेंबही नाही.

कचऱ्याच्या दिवशी छे बाईंनी पट्ट्या मोजल्या. बेक साहेब माझ्या गालफडाखालच्या पट्टीकडे पाहून म्हणाले, "गेलं ते गेलं," आणि मयताच्या घरून निघावं तसे निघाले.

जेवणाला महिना होता म्हणून मी निश्चिंत होतो. पण मुलाकडून निरोप आला: नाव डागडुजीला काढायची आहे, तेव्हा पुढच्याच शनिवारी भेटू. शनिवारी सकाळी पट्ट्या काढल्या. खालची कातडी गुलाबी, नवजात, आणि जराशी आश्चर्यचकित दिसत होती. जोंग-इमने तिच्यावर आपली पावडर थापली. "हलू नका. राजकारण काढू नका, जागांचे भाव काढू नका," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून, "अर्थात तुम्हाला काय सांगायचं!"

उपाहारगृहाची खोली लहान आणि शांत होती. आम्ही एका बाजूला, ते समोर. कॅप्टन प्यो, म्हणजे मुलाचे वडील, नव्या कोटात अंग आवळून बसले होते. त्यांच्या हनुवटीवर पावडर होती आणि तिचा थोडा भाग कॉलरवर आला होता. मला ते तेव्हाच जवळचे वाटले. पण तोंड उघडलं तर आवाज ओळखतील, म्हणून मी वाकून नमस्कार केला आणि गप्प बसलो. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि माझ्या सल्ल्याप्रमाणे गप्प बसले.

शिंपल्यांची पेज आली. विहीणबाई म्हणाल्या, "आज हवा छान आहे." जोंग-इम म्हणाली, "हो, छान आहे." पेज संपली. मासा आला. विहीणबाई म्हणाल्या, "पण दुपारी ऊन होणार." माशाची मोठी ताटली रिकामी झाली. मी शब्दकोशाची प्रुफं वाचताना ज्या शांततेत सुखाने जगलो, ती शांतता त्या टेबलावर होती, आणि मला ती मुळीच आवडेना. मुलाची आई नवऱ्याला कोपराने ढोसत होती, माझी बायको टेबलाखालून मला लाथ मारत होती, आणि दोघे बाप इमानेइतबारे जेवत होते.

शेवटी हान-गिलने वडिलांच्या हातात तांदळाच्या दारूची सुरई दिली. कॅप्टन प्योंनी ती दोन्ही हातांनी धरली आणि माझ्या पेल्यावर झुकवली. मला दोन आठवड्यांची सूचना आठवली. मी पेल्यावर तळहात ठेवला.

व्याह्याने ओतलेला पहिला पेला नाकारणं म्हणजे काय, हे आमच्यात लहान मुलालाही माहीत असतं. सुरई हवेत थांबली. घाबरून मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि रीत म्हणून त्यांच्या पेल्यावर झुकवली. कॅप्टन प्योंनीही पेल्यावर तळहात ठेवला.

खोलीत एकदम गार झालं. सू-रिम आणि हान-गिल दोघांना दोन्ही बापांचं लेझर माहीत होतं, पण दारूची सूचना माहीत नव्हती. आणि 'तुम्हाला दाखवण्याआधी आम्ही आमचे वडील साफ करून आणले' असं तिथे बोलणार कसं?

विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. "मला वाटतं," त्या हळूच म्हणाल्या, "आमचं घर यांच्या मनास आलेलं दिसत नाही. आम्ही साधी बंदरावरची माणसं. आधीच स्पष्ट झालं ते बरं."

सू-रिमने चॉपस्टिक्स पानाशेजारी अगदी सरळ ठेवल्या, जशा जेवण संपल्यावर ठेवतात. ती रडली असती तर मी कदाचित गप्पच बसलो असतो. पण तिने त्या इतक्या नीट ठेवल्या, आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. ती माझ्यासारखी वागत होती. हिचं आयुष्य माझ्या गप्प बसण्याने मोडतंय, हे मला छापील अक्षरासारखं स्वच्छ दिसलं.

"डॉक्टरांनी दारू मना केलीय," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला. "लेझर केलंय ना. खपली पक्की होईपर्यंत एक थेंबही नाही. यांनाही म्हणूनच नको असेल."

कॅप्टन प्योंनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटले आणि कान दिला.

"अजून एकदा बोला," ते म्हणाले.

"काय बोलू?"

त्यांनी डोळे उघडले. "तो तू! टोपीवाला!"

"अहो!" विहीणबाई किंचाळल्या. "व्याह्यांना काय तू म्हणताय!"

"तू गप्प बस गं. दादा, तुम्हाला तेव्हा माहीत होतं मी कोण ते?"

"हो."

"आणि तरी मला म्हणालात, गप्प बसून जेव?"

"हो. मला वाटलं, त्याला... म्हणजे मला... तसंच आवडतं."

"मग आवडलं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही आवडलं. कृपा करून बोला."

क्षणभर ते रागावलेत की काय ते कळेना. मग कॅप्टन प्यो असे हसले की शेजारच्या खोलीतल्या लोकांनी भिंतीवर टकटक केली. त्यांनी कोटाची गुंडी काढली, आणि जे सुटले ते बंदराच्या भाषेत थेट खरबूज येईपर्यंत थांबले नाहीत. मलम, यंत्र, बाबा म्हणणाऱ्या पोरी, सगळं सांगितलं. ते पाठ केलेलं वाक्य त्यांना म्हणावंच लागलं नाही. विहीणबाई आधी शरमल्या, मग जोंग-इमकडे झुकून विचारू लागल्या की पावडर कुठली. लग्नाची तारीख कधी ठरली ते मला कळलंच नाही. मी समोरच्या व्याह्यांशी बोलत होतो. सू-रिमने माझ्याकडे पाहिलं, आणि चॉपस्टिक्स उचलून माझ्या पानातला माशाचा उरलेला तुकडा खाऊन टाकला.

बाहेर आलो तर ऊन कडक पडलेलं. उन्हात जायचं नाही ही सूचना दोघांनाही होती, म्हणून जोंग-इमने आपली फुलाफुलांची छत्री आमच्या हातात कोंबली आणि बायका पुढे गेल्या. एका छत्रीखाली दोन म्हातारे रस्त्याने निघालो. छत्री कॅप्टन प्योंच्या हातात होती. ते उंच, आणि बोलताना हात हलवायची सवय, त्यामुळे छत्री त्यांच्या गोष्टीबरोबर इकडे तिकडे जात होती. माझ्या नव्या गालावर ऊन येई, जाई, पुन्हा येई. मी बराच वेळ काही म्हटलं नाही. असं मी आयुष्यभर काही म्हटलेलं नाही.

"व्याहीबुवा," मी शेवटी म्हणालो, "छत्री जरा इकडे घ्या."

"घेतो की," ते म्हणाले, आणि घेतली.